मोबाईलमधली गाणी काढून टाकली, आता बाबांच्या रेडिओचं काय करू?

आदरणीय ताई, सलाम.

मी सव्वीस वर्षांची आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत एका सीएंच्या ऑफिसात कामाला जाते. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मंडळीतलं. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकतेय, कॉयरमध्येही गाते. उन्हाळ्यात तरुणांच्या एका शिबिराला गेले होते. तिथल्या भाऊंनी सांगितलं की जगिक, म्हणजे देवाधर्माबाहेरची, गाणी म्हणजे सैतानाला उघडून दिलेलं दार. सैतान पडण्याआधी स्वर्गात संगीताचा प्रमुख होता, आणि ‘कुसंगतीने नीती बिघडते’ असं वचनच आहे. आम्ही सगळ्यांनी तिथल्या तिथं मोबाईलमधली गाणी डिलीट केली. मला तेव्हा खूप हलकं वाटलं, खोटं सांगत नाही.

पण आता घरात रोज ताणाताणी. बाबा सकाळी दाढी करताना रेडिओ लावतात, जुनी भावगीतं, नाट्यगीतं. परवा मी तो बंद केला. ते काही बोलले नाहीत, अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून आत गेले. क्लासमध्ये बंदिशीत कृष्णाचं नाव येतं म्हणून तिथंही जाणं थांबवलंय. पुढच्या महिन्यात मावसबहिणीची हळद आहे. मावशीचं सासर हिंदू, डॉल्बी असणारच. जायचं की नाही? आणि काही गाणी मला खरंच सोडावीशी वाटतात, कारण ती ऐकली की संपलेल्या एका गोष्टीत मी परत जाते. पण ती गाणी तर अगदी साधी, चांगली आहेत.

ख्रिस्ती माणसानं जगिक गाणी ऐकावीत की नाही, एकदाच काय ते सांगा.

– एक बहीण, कोल्हापूर

*

प्रिय बहिणी, सलाम.

एकदाच सांग म्हणतेस तर सांगते: ऐकायला हरकत नाही. पण एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, कारण तू विचारलंयस एक आणि तुला टोचतंय दुसरंच. खरी गोष्ट तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकून टाकलीस. तिच्याकडे येते. आधी भाऊंचं बघू.

शिबिरात तुला हलकं वाटलं, त्यावर मी शंका घेणार नाही. ज्या गोष्टीची सवय जडलीय ती देवासाठी बाजूला ठेवली की मन मोकळं होतं, उपासातही होतं. तू उपास केलास, चांगलं केलंस. फक्त आपला उपास शेजाऱ्याच्या ताटाला लागू होत नाही, आणि बाबांच्या रेडिओला तर नाहीच नाही.

सैतान स्वर्गात गायकवृंदाचा प्रमुख होता, हे मीही कितीतरी सभांतून ऐकलंय. ज्या अध्यायावरून हे सांगतात तो यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला अठ्ठाविसावा. पवित्र शास्त्र उघड आणि स्वतः वाच. तो सोर नगराच्या राजावरचा विलाप आहे. व्यापारानं माजलेला, स्वतःला देव म्हणवणारा राजा. त्याच्या वर्णनात एदेन आहे, रत्नं आहेत, करूब नावाचा देवदूत आहे, आणि त्यात सैतानाच्या पतनाची छाया पाहणारे जुने भाष्यकारही आहेत. पण त्याच्याकडे स्वर्गाच्या संगीताचा कारभार होता असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. त्यावर तरुण पोरांना घाबरवणं मला पटत नाही. वाद्यांचं मूळ बघायचंच असेल तर उत्पत्तीचा चौथा अध्याय बघ. वीणा आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष यूबाल तिथं भेटतो, तोही भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या वंशात. ज्या वीणेनं पुढं दाविदानं शौल राजाला शांत केलं, ती आली कुठून बघ.

‘कुसंगतीने नीती बिघडते’ हे वचन करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, १५:३३. ते खरंच आहे आणि खोटं कधी ठरलेलं नाही. पण गंमत अशी की ही ओळ ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची स्वतःची नाही. ग्रीक नाटककार मेनान्डर याच्या सुखात्मिकेतली ती ओळ मानली जाते. म्हणजे जगिक गाण्यांविरुद्ध आपण जे वचन दाखवतो, ते पौलानं जगिक नाटकातून उचललेलं. अथेन्समध्ये तर तो आणखी पुढं गेला. ‘आपण त्याचा वंश आहोत’ ही ओळ त्यानं भर सभेत म्हटली (प्रेषितांची कृत्ये १७). ती अराटस या कवीची, पौलाच्याच किलिकिया प्रांतातल्या माणसाची, आणि मूळ कवितेत ती झ्यूस देवाबद्दल आहे. पौल झ्यूसची स्तुती करत नव्हता. पण ती ओळ त्याच्या वाचनातली किंवा कानावरून गेलेली असणार, म्हणूनच ती त्याला आठवली. तिच्यातलं खरं ते त्यानं उचललं आणि ऐकणाऱ्यांना पुढं नेलं.

आता आपल्या घरचं. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले आणि इथल्या मिशनचं काम सुरू झालं. साहेब लोकांबरोबर त्यांच्या चाली आल्या, त्या आपण अजून गातो. पण मराठी मंडळीच्या तोंडी बसलं ते काय? नारायण वामन टिळकांची गीतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा. त्यानं अभंग टाकून दिला नाही, त्याच अभंगातून ख्रिस्ताला हाक मारली. त्याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. तू कॉयरमध्ये ‘उपासना संगीत’ हातात धरून जे गातेस, त्यातल्या किती चालींचे नातेवाईक देवळात आणि नाटकात आहेत हे तुला, गाणं शिकलेल्या मुलीला, मी काय सांगावं?

आणि हे फक्त आपलंच नाही बरं. काट्यांचा मुगुट घातलेल्या मस्तकाबद्दलचं जे गीत गुड फ्रायडेला जगभर गातात, त्याची चाल हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकारानं १६०१ मध्ये बांधली ती एका प्रेमगीतासाठी. प्रेमात मन सैरभैर झालेल्या माणसाचं गाणं. मंडळीनं ती चाल घेतली, पुढं संगीतकार बाखनं ती ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या आपल्या संगीतात वापरली, आणि आज तिच्यावर लोकांचे डोळे भरून येतात. तेव्हा सुरावर जगिक किंवा आत्मिक असा शिक्का कुठं मारणार?

इथवर वाचून तुला वाटेल, ताईंनी सगळंच मोकळं करून टाकलं. तसं नाही. मला स्वतःला या विषयात सगळ्यात उपयोगी पडलं ते करिंथच्या मटणाचं प्रकरण, पहिल्या पत्राचा आठवा ते दहावा अध्याय. तो नीट वाचावा असं मी प्रत्येक तरुण संघाला सांगते, आणि लोक तिथून दोन वचनं काढून बाकीचं सोडून देतात.

करिंथच्या बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस देवळात बळी दिलेलं असायचं. विश्वासणाऱ्यांपुढं पेच: खायचं का? पौलाचं उत्तर एका वाक्याचं नाही. बाजारात मिळतं ते घ्या, चौकशा करत बसू नका, कारण पृथ्वी प्रभूची आहे. कुणी अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पण जेवताना कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि देवळातल्या मेजावर भक्त म्हणून बसायचं? ते मात्र नाही. प्रभूचं मेज आणि ते मेज दोन्ही चालणार नाहीत. मांस तेच, पण तू कुठं बसलीयस, कुणाबरोबर आणि कशासाठी, यावर उत्तर बदलतं.

आता हे तुझ्या प्रश्नांना लावून बघ. केएमटीच्या बसमध्ये, रंकाळ्यावर भेळ खाताना, ऑफिसखालच्या टपरीवर जे वाजतंय ते बाजारातलं. त्याची चौकशी करत फिरू नकोस, कान बंद करून चालू नकोस. गणपतीत ऑफिसात आरती सुरू झाली तर ते मेज वेगळं. तिथं टाळ्या वाजवून गायचं कारण नाही. मागं शांत उभी राहा किंवा चहाचे कप आवर, कुणी वाईट मानत नाही. कोल्हापूरचे लोक साध्या नकाराला समजून घेतात, लांबलचक कारणं दिली की मग बिथरतात.

बंदिशीचं थोडं सविस्तर, कारण क्लास सोडलास हे मला खरंच लागलं. सरांनी तुला बंदीश दिली ती राग शिकवायला, पूजा करायला नाही. त्या रागाचं चलन, स्वर लावायची जागा, समेवर यायची वाट या शब्दांतून कळते म्हणून. याच गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते. मुसलमान घराण्यातला गवई, आणि गळ्यात ब्रजभाषेतल्या बंदिशी. कान्हा, राधा, पनघट. म्हणून त्यांचा धर्म सुटला नाही. तुझाही सुटत नाही. पौलाच्या तोंडीही झ्यूसवरची ओळ होती, हे वर सांगितलंच.

पण समज, एखादी बंदीश गाताना तुला आतून वाटलं की आता मी ही प्रार्थना म्हणतेय आणि ती माझ्या देवाला नाही, तर त्या टोचणीला दडपू नकोस. रोमकरांस चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की जे विश्वासानं नाही ते पाप. क्लास सोडायची गरज नाही, सरांशी बोल. त्याच रागातला तराणा मागून घे, त्यात देवाचं नाव नाही आणि तयारी चांगलीच होते. पावसावरच्या, वसंतावरच्या, विरहावरच्या बंदिशी ढिगानं आहेत. आणि सर मोकळ्या मनाचे असतील तर टिळकांचा एखादा अभंग घेऊन जा आणि त्या रागात बसवून द्या म्हण. गाणारे लोक अशा गोष्टीला नाही म्हणत नाहीत.

हळदीला जा. मावशीचं कार्य आहे, मावसबहीण आहे, तू गेली नाहीस तर ती तुझ्या विश्वासाची साक्ष ठरणार नाही, मावशीच्या मनात अढी तेवढी बसेल. लवकर जा, हळद लाव, चार कामं अंगावर घे, जेव. डॉल्बी सुरू झाली की घरी निघायला तुला धर्माचं कारण लागणार नाही. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या की म्हातारी माणसं कानात बोटं घालून उठतातच, त्यांना रिक्षात बसवून दे आणि स्वतःही बस. तिथं वाजणाऱ्या काही गाण्यांबद्दल मात्र मी तुला मोकळीक देणार नाही. ज्यांत बाई म्हणजे चाखायची वस्तू, त्या गाण्यांवर नाचू नकोस. त्यासाठी वचन शोधायचीही गरज नाही. तू बाई आहेस, त्या ओळी तुझ्याबद्दलच लिहिल्यात.

बाबांचं. इथं मी थोडी कडक बोलणार आहे.

रेडिओ त्यांचा, सकाळ त्यांची, घर त्यांचं. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हा पौलाचा प्रश्न त्याच चौदाव्या अध्यायात आहे. आणि आणखी एक गोष्ट तिथं आहे जी आपण सोयीनं विसरतो. पौल विश्वासानं अशक्त म्हणतो तो मांस न खाणाऱ्याला. आपल्याकडे उलटं चालतं. ज्यानं जास्त गोष्टी सोडल्या तो जास्त आत्मिक, असा हिशोब. पौल बलवानाला म्हणतो, अशक्ताला तुच्छ लेखू नको, आणि अशक्ताला म्हणतो, बलवानाला दोष लावू नको. तुझे बाबा काय ऐकतात? भावगीतं. सुधीर फडके १९१९ साली याच गावात जन्मले. नाट्यगीतं म्हणशील तर संगीतसूर्य केशवराव भोसले इथलेच, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं तेव्हा आपल्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे भरलेले मी पाहिलेत. त्यातलं कुणी त्यामुळं प्रभूपासून लांब गेलेलं नाही. तुझ्या बाबांची ती पंधरा-वीस मिनिटं आहेत, आणि तू ती त्यांना न विचारता काढून घेतलीस. ते काही बोलले नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट. जाऊन क्षमा माग. लांबण लावू नकोस, ‘बाबा, मी चुकले’ एवढं पुरे. मग रेडिओ लाव आणि चहा ठेव.

उलट बाजूही सांगते. तुमच्या तरुण संघात कुणी असा असेल की जो ऑर्केस्ट्रात वाजवायचा, आणि वाजवून झालं की दारू, आणि दारू झाली की घरात मारहाण, आणि त्या सगळ्यातून प्रभूनं त्याला बाहेर काढलं. त्याच्यासमोर ती गाणी लावू नकोस. तुला ते नुसतं गाणं, त्याला तो जुना रस्ता. तुझी मोकळीक तिथं गप्प बसली पाहिजे. मला तर शंका आहे की तुमच्या भाऊंचं असंच काहीतरी असावं. गाण्याला इतकं घाबरणाऱ्या माणसाला गाण्यानं एकदा खरंच भाजलेलं असतं. त्यांची कळकळ खोटी धरू नकोस. त्यांचं चुकतंय ते इतकंच, की स्वतःला लागलेला नियम ते सगळ्यांना लावू पाहतायत.

आता ती शेवटची ओळ. संपलेल्या एका गोष्टीत परत जाते, असं तू लिहिलंस आणि पुढं निघालीस. ती गाणी कुणी तपासली तर त्यांत एक आक्षेपार्ह शब्द सापडणार नाही. चांदणं असेल, पाऊस असेल, वाट पाहणं असेल. भाऊंनीही कदाचित ती पास केली असती. आणि तरी तुझ्या मोबाईलमध्ये एखादं गाणं सोडायला हवं असेल तर ते हेच. रात्री इअरफोन लावून तू ते एकदा ऐकतेस, मग पुन्हा, मग जुने मेसेज उघडतेस, मग त्याचं स्टेटस बघतेस, मग साडेबारा वाजतात आणि सकाळी प्रार्थनेला बसल्यावर डोळ्यांपुढं तो येतो. मी अंदाजानं लिहितेय. पण फार चुकत नसावी. नीतिसूत्रांत म्हटलंय, ‘सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर.’ गाण्यात काय आहे यापेक्षा ते संपल्यावर तू कुठं पोचतेस ते बघ. बाबांच्या रेडिओवर एखादी ठसकेबाज लावणी लागली तर ती तुला कुठंच नेत नाही, तू हसतेस आणि डबा भरायला घेतेस. आणि हे सोज्वळ भावगीत तुला तीन वर्षं मागं नेऊन सोडतं.

म्हणून ती गाणी सध्या बाजूला ठेव. जाहीर डिलीट नको, साक्ष नको. दुःख करायचंच असेल तर त्याला प्रभूसमोर जागा आहे. स्तोत्र ८८ वाच, ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदीआनंद होत नाही. एखाद्या विश्वासू बाईशी बोल. वर्षभरानं तेच गाणं कुठंतरी कानावर पडेल आणि तू ऐकून पुढं जाशील. तेव्हा ते पुन्हा नुसतं गाणं झालेलं असेल, मग खुशाल ऐक.

कॉयरच्या गाण्यालाही हेच लागू होतं, म्हणून ते आपोआप सुरक्षित समजू नकोस. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात लिहितो की मंडळीतल्या गाण्यात अर्थापेक्षा सूरच मला जास्त हलवतो तेव्हा माझ्या हातून पाप होतं, आणि अशा वेळी गाणाऱ्याला न ऐकणंच मी पसंत करेन. त्याच श्वासात तो हेही मान्य करतो की विश्वासात आलो त्या दिवसांत याच गाण्यांनी मला रडवलं होतं. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याचं अडखळणं जगिक गाण्यावर नाही, स्तोत्रांवर. तू नाताळच्या कार्यक्रमात सोलो गातेस तेव्हा तुझं लक्ष कुठं असतं हे मी विचारत नाही, तूच बघ.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मोबाईलवरचं ॲप एक गाणं संपलं की पुढचं स्वतःच लावतं, आणि ते लावतं तुझ्या कालच्या मूडवरून. काल रडकं ऐकलंस की आज रडक्यांची रांग. ते आपोआप पुढचं लावण्याचं बटण बंद कर आणि आपली यादी आपण कर. त्यात टिळक असू देत, बाबांची दोन-चार आवडती असू देत, सरांनी सांगितलेल्या गवयांचं गाणं असू दे. फिलिप्पैकरांस पत्रातली यादी आठव: सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय. ख्रिस्ती गायकानं गायलेलं असलं पाहिजे, अशी अट पौलानं तिथं घातलेली नाही.

हे उत्तर भाऊंना दाखवायचं असेल तर दाखव, पण समोर बसून, त्यांचंही ऐकून घेऊन. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. तिथं त्यांना चार लोकांसमोर उत्तर द्यावं लागेल, आणि मग ते उत्तर तुला नसेल, त्या चौघांना असेल.

तुझी,
ताई